बाळाला उडवणं, हात धरून फिरवणं: भीती कुठे खरी, कुठे उगाच

प्रश्न थोडक्यात असा: "माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे आणि मुलगा सव्वातीन वर्षांचा. माझे धाकटे दीर घरी आले की मुलीला वर उडवून झेलतात आणि मुलाची मनगटं धरून त्याला गरगर फिरवतात. दोघंही खिदळतात. गेल्या आठवड्यात या खेळानंतर मुलगा तासभर डावा हात हलवेना, मग आपोआप हलवायला लागला. मी काही बोलले की 'आम्ही सगळे असेच वाढलो' हे ठरलेलं उत्तर. अशा खेळाने बाळाच्या मेंदूला इजा होते म्हणतात ते खरं का? की मीच जास्त घाबरते?"

आधी मुलाच्या हाताचं बघू. बाकी सगळं "होऊ शकतं" या सदरातलं आहे, हे मात्र होऊन गेलेलं आहे.

तुम्ही सांगितलं त्यावरून, हात प्रत्यक्ष न तपासताही, मला जवळजवळ खात्री वाटते की त्याचं कोपर किंचित निसटलं होतं आणि नंतर आपसूक जागेवर बसलं. लहान मुलांच्या तातडीच्या विभागात हे आम्ही इतक्या वेळा बघतो की दारातून आत येणारं मूल हात कसा धरतंय यावरूनच अंदाज येतो. हात अंगाशी लागलेला, कोपर जरासं वाकलेलं, तळवा आत किंवा खाली वळलेला. सूज नाही, रंग बदललेला नाही. हात स्थिर ठेवला तर मूल रडतही नाही, फक्त त्या हाताने काही घेत नाही. कुठे दुखतंय विचारलं तर पुष्कळदा मनगट दाखवतं, त्यामुळे आईवडील मनगटालाच काहीबाही चोळत बसतात.

आत काय होतं ते सांगतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं वरचं टोक कोपरापाशी एका गोल पट्ट्यासारख्या बंधात अडकवलेलं असतं. लहान वयात हा बंध पातळ आणि सैल असतो. हात सरळ असताना मनगटाला धरून अचानक ओढ बसली की बंध हाडाच्या टोकावरून सरकतो आणि सांध्याच्या फटीत अडकतो. हे मुख्यतः एक ते चार या वयात घडतं. पाचव्या वर्षानंतर बंध जाड होतो आणि हा प्रकार क्वचितच दिसतो. डाव्या हाताला जरा जास्त होतं. बहुतेक मोठी माणसं उजव्या हाताने मुलाचा डावा हात धरतात, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं.

डॉक्टर तळवा विशिष्ट दिशेने वळवून हे काही सेकंदांत बसवतात. पाच-दहा मिनिटांत मूल त्याच हाताने खेळणं ओढायला लागतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण व्हिडिओ बघून हे घरी करायला जाऊ नका. मूल पडलेलं असेल, सूज असेल, हाडाला हात लावताच ते कळवळत असेल, तर ते निसटणं नसून कोपराजवळचं हाड मोडलेलं असू शकतं, आणि मोडलेला हात पिरगाळला तर इजा वाढते. तुमच्या मुलाचा हात आता पूर्ण वळतोय, तो वर उचलतोय, त्या हातावर भार देतोय, तर आज काही करायला नको. एकदा निसटलेलं कोपर पुन्हा निसटण्याची शक्यता मात्र बरीच असते, साधारण चारातल्या एका मुलाला तरी परत होतं. म्हणून पुढचे काही महिने त्याला मनगट धरून उचलणं, फिरवणं, दोघांनी दोन हात धरून "एक, दोन, तीन" म्हणत झुलवणं बंद. उचलायचं ते काखेत दोन्ही हात घालून, छातीला धरून. हे खेळापुरतं नाही. रस्त्यात मूल बसकण मारतं आणि आपण हात धरून खस्सकन उभं करतो, जिना चढताना ते मागे रेंगाळतं आणि आपण ओढतो, घाईत शर्टाच्या बाहीतून हात बाहेर खेचतो. कोपर निसटायला यातलं कोणतंही एक पुरतं. दिरांच्या नावावर सगळं टाकण्याआधी घरातल्या प्रत्येकाने हे एकदा आठवून बघावं.

आता मेंदूचं. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. त्यामुळे काही आईवडील निष्कारण घाबरतात आणि काही निष्कारण निर्धास्त राहतात.

पहिली गोष्ट म्हणजे बाळाला गदागदा हलवणं. नॉर्मन गथकेल्च या ब्रिटिश मेंदूशल्यविशारदांनी १९७१ मध्ये आणि जॉन कॅफी या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांनी १९७२ पासून पुढे याकडे लक्ष वेधलं. डोक्याला बाहेर ओरखडाही नसताना काही बाळांच्या मेंदूभोवती रक्त साठलेलं आणि डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झालेला आढळत होता. याला पुढे शेकन बेबी सिंड्रोम म्हणू लागले. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. एवढं जड डोकं पेलायला मानेत पुरेशी ताकद नसते. मेंदूही मऊ असतो, त्यात पाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. छातीला धरून बाळाला जोरजोरात पुढे-मागे हलवलं की डोकं मानेवर हिसके खातं, कवटी एका दिशेला आणि मेंदू तिच्या मागून उशिरा, आणि दोघांमधल्या बारीक शिरा ताणल्या जाऊन फाटतात. सरळ रेषेतल्या धक्क्यापेक्षा डोकं गरकन वळण्याने अशी इजा जास्त होते. यातून मुलं दगावतात, आणि जी वाचतात त्यांतल्या अनेकांना आंधळेपण, आकड्या, हातापायांचा ताठरपणा, शिकण्यातल्या अडचणी यांसह जगावं लागतं.

कॅफींनी त्या काळी खेळातल्या हिसक्यांबद्दलही काळजी व्यक्त केली होती. "बाळाला उडवलं की मेंदूत रक्तस्राव होतो" ही समजूत बरीचशी तिथून आली असावी. नंतरच्या दशकांत चित्र अधिक स्पष्ट झालं. मांडीवर घोडा-घोडा करणं, पाठीवर थोपटून ढेकर काढणं, खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडीतून नेणं, कडेवर घेऊन नाचणं यांतून ही इजा होत नाही. आधार देऊन बाळाला अलगद वर-खाली केल्यानेही होत नाही. ज्या गदागदा हलवण्याने ही इजा होते, त्यात बघणाऱ्या तिऱ्हाईत माणसालाही "अरे, हे मूल मरेल" असं वाटावं इतका जोर असतो. तेव्हा तुमच्या मुलीला आजवर झालेल्या खेळाने मेंदूत काही झालं असेल का, या विचाराने रात्री जागू नका. ती नीट पिते, हसते, बसायला शिकते आहे, वस्तू पकडते आहे, तर स्कॅन वगैरे करायची काही गरज नाही.

गदागदा हलवणं बहुतेक वेळा खेळात घडतच नाही. ते घडतं बाळ तासन्‌तास रडत असताना, दमलेल्या, झोप न झालेल्या, एकट्या पडलेल्या माणसाकडून. बाळांचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. त्या काळात काही रडणं असं असतं की पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी बाळ थांबत नाही. अशा वेळी हातापायाला कंप सुटेल इतका राग आला, तर बाळाला पाठीवर, मोकळ्या अंथरुणात ठेवा, दार ओढून घ्या आणि दुसऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटं बसा. मग जाऊन बघा. दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही. हे मी प्रत्येक नव्या बापाला आणि आईला सांगतो, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर "हे आमच्या मनात येतं हे यांना कसं कळलं" असा भाव येतो. तुमची मुलगी त्या वयातून बाहेर आली आहे, पण घरात पुढे कुणाला बाळ होईल तेव्हा हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट उडवण्यातल्या खऱ्या धोक्याची. तो पडण्याचा आणि आपटण्याचा आहे.

मेंदूच्या शिरांवरची चर्चा इतकी गूढ असते की हे साधं कारण तिच्याखाली दबून जातं. छातीच्या उंचीवरून उडवलेलं बाळ सहज दोन मीटरपर्यंत जातं. तिथून निसटून जमिनीवर आलं तर आपटताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. बाळ पडतं तेही बहुधा डोक्यावर, कारण डोकंच जड आणि हात पुढे करून सावरायची समज अजून आलेली नसते. झेलणारा कितीही तरबेज असला तरी बाळ चेंडूसारखं एकाच आकाराचं राहत नाही. ते हवेत पाय झाडतं, पाठ ताणतं, अंगाला तेल किंवा लाळ लागलेली असते, अंगातला झबला हातात येतो आणि बाळ त्यातून खाली सरकतं. शेजारून मोठा भाऊ येऊन काकाच्या पायाला मिठी मारतो, आणि तेवढ्यात सगळं होतं.

समजा, झेलणं दर वेळी जमलं. १० किलोचं मूल अर्धा मीटर खाली आलं आणि तुम्ही त्याला १० सेंटीमीटरांत थांबवलं, तर त्या क्षणी हातांवर सरासरी ६० किलोंचा भार येतो. तोच भार उलट बाजूने बाळाच्या फासळ्यांवर, तुमची बोटं जिथे रुतली असतील तिथे येतो. अनुभवी माणूस गुडघे वाकवून, हात खाली नेत झेलतो, त्यामुळे भार पसरतो. घाबरून झेलणारा आवळून धरतो.

आणि पंखा. हात वर केले की साधारण उंचीच्या माणसाचे तळवे दोन मीटरच्या वर जातात. काखेत धरलेल्या बाळाचं डोकं त्याच्याही वर वीत-दीड वीत असतं. म्हणजे बाळाला हातांतून न सोडता नुसतं डोक्यावर उंच धरलं तरी ते छताच्या पंख्याच्या पात्यांच्या पातळीला पोचू शकतं. पंख्याने कवटीला खोक पडलेली, कधी हाड आत दबलेलं अशी मुलं येतात, आणि आणणाऱ्या माणसाचं वाक्य दर वेळी तेच: "पंखा वर आहे हे लक्षातच आलं नाही." खांद्यावर बसवून फिरवतानाही दाराच्या चौकटी आणि पंखे याच कारणाने लागतात. खाली वाकून दारातून जाणारा माणूस स्वतःचं डोकं सांभाळतो, वरच्याचं विसरतो.

'आम्ही असेच वाढलो' याला माझ्याकडे लांबलचक उत्तर नाही. ते म्हणतात ते खरंच आहे. बहुसंख्य मुलांना काही होत नाही. पण हे वाक्य म्हणायला तेच हजर असतात ज्यांना काही झालं नाही. बाकीचे कुठे असतात ते आम्हाला ठाऊक असतं.

तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दापाशी मला थांबायचं आहे: "खिदळतात". सगळ्या घरांत हाच पुरावा दिला जातो, बघा, त्याला आवडतंय. हसणं मजेचं असतं यात वाद नाही. पण उंचीवरून पडल्यावर काय होतं याची साडेसात महिन्यांच्या बाळाला काहीही कल्पना नसते, त्यामुळे त्याचं हसू खेळ किती सुरक्षित आहे हे सांगू शकत नाही. गुदगुल्यांत तर हसू आपोआप येतं. श्वास अडकेपर्यंत हसणारं मूल "पुरे" म्हणूच शकत नाही, कारण बोलायला हवा शिल्लक नसते. मोठी मुलं नंतर सांगतात की तेव्हा किती कोंडल्यासारखं व्हायचं. तान्ह्या बाळाचं तर आणखी वेगळं. पहिल्या चार-सहा महिन्यांत डोक्याखालचा आधार अचानक गेला की बाळ दोन्ही हात फेकून परत आवळतं, ही दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि "बघ कसा हात पसरून उडतोय" म्हणून लोक ती पुन्हा पुन्हा करायला लावतात.

बाळाला नको झालंय हे ओळखायच्या खुणा हसण्याच्या बाजूलाच असतात. चेहरा फिरवणं, नजर टाळणं, मुठी घट्ट होणं, उचक्या, जांभया, पाठ धनुकलीसारखी ताणणं, हसता हसता आवाजाची पट्टी बदलून किंचाळीकडे जाणं. यातलं काही दिसलं की खेळ थांबवा आणि बघा. बाळ स्वतःहून परत तुमच्याकडे वळलं, हात पुढे केले, तर पुढे चला.

वयाचा विचार घरात फारसा होत नाही, तो करायला हवा. मान धरायला बाळाला साधारण चार महिने लागतात. तोवर डोक्यामागे हात हवाच, कडेवर घेताना, कुणाच्या हाती देताना, अंघोळीला, आणि उचलून झुलवण्याचा कुठलाही खेळ नको. मान धरली म्हणजे ती पक्की झाली असंही नाही. सरळ धरलेलं डोकं पेलता येणं वेगळं आणि अचानक बसलेला हिसका पेलता येणं वेगळं. पाय धरून उलटं लटकवणं, घोटे धरून गोल फिरवणं हे मी कुठल्याच लहान वयात करू देणार नाही. तिथे डोकं वर्तुळाच्या सगळ्यांत बाहेरच्या टोकाला असतं, म्हणजे सगळ्यांत जास्त वेगात, आणि खोलीतल्या पलंगाचे, टेबलाचे कोपरे बरोबर त्याच उंचीवर असतात. दूध पिऊन झाल्यावर तर हलवाहलवीचा कुठलाच खेळ नको. उलटी होते आणि तोंड वर असताना झालेली उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. मोठ्या मुलाच्या तोंडात खाऊ असेल तर पकडापकडी, गुदगुल्या, उड्या काही नाही. हसताना आत ओढला जाणारा श्वास घास सोबत घेऊन जातो.

मोठ्यांना सुरक्षित वाटणाऱ्या खेळांपैकी एकाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण त्यात काळजी घेणाराच फसतो. घसरगुंडीवर मूल एकटं पडेल म्हणून आई किंवा बाबा त्याला मांडीत घेऊन घसरतात. मुलाच्या बुटाचा तळ कडेला घासून अडकतो. एकटं असतं तर ते तिथेच थांबलं असतं. इथे मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन पुढे येत राहतं, पाय मागे राहतो, अंग पुढे जातं आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. सूज थोडी, मूल फक्त पाय टेकवत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलांत नडगीची अशी बारीक, तिरकी चीर पहिल्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. आठ-दहा दिवसांनी हाड भरायला लागल्यावर ती कधी कधी दिसते. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" असं कळलं तरी लंगडणं चालूच असेल तर परत दाखवायचं. घसरगुंडी मुलाला एकट्याने जमत नसेल, तर ती त्याच्या वयाची नाही, छोटी शोधावी.

ट्रॅम्पोलिनचं गणितही असंच आहे. एकाच वेळी मोठा आणि लहान उड्या मारत असतील तर मोठ्याने दाबलेला पडदा लहानाच्या पायाखालून उसळतो आणि इजा जवळपास नेहमी लहानालाच होते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना घरगुती ट्रॅम्पोलिन वापरूच नये असं सांगते. सहा वर्षांखाली तर नकोच.

कुस्ती, गादीवरची धुमश्चक्री याला माझी हरकत नाही. उलट मला ती आवडते. फक्त वजन नेहमी खालच्या बाजूला असावं, मोठा माणूस खाली आणि मूल वर. लहान मुलाचं यकृत आणि प्लीहा फासळ्यांच्या खाली बऱ्यापैकी उघडे असतात आणि पोटाचे स्नायू पातळ असतात. त्यामुळे वरून पडलेला गुडघा किंवा कोपर थेट आत पोचतो. खेळल्यावर पोट दुखतंय, मूल पांढरं पडलंय, हिरवट उलटी झाली, खांदा दुखतोय म्हणतंय, तर वाट बघू नका. गळ्याभोवती हात आवळणं आणि तोंडावर उशी दाबणं मस्करीतही नाही. आणि चार-पाच वर्षांच्या भावाबहिणींनी बाळाला उभ्याने उचलायचं नाही, जमिनीवर बसून मांडीवर घ्यायचं, शेजारी मोठं कुणीतरी असताना.

काही मुलांच्या बाबतीत वरच्या सगळ्याला आणखी कडक फूटपट्टी लावावी लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेतला पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, त्यांना कोलांटउड्या आणि मानेला हिसका बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), हाडं ठिसूळ असण्याचे आजार, पाण्याने डोकं मोठं झालेलं असणं, फार लवकर जन्मलेलं बाळ, यांतही तेच.

हे वाचून दिरांना खेळायचंच बंद करा असं सांगू नका. अंगाशी खेळणारा काका मुलांना मिळणं चांगली गोष्ट आहे. लोळणं, ढकलणं, पकडणं यातून मुलं स्वतःची ताकद आवरायला शिकतात, समोरच्याच्या चेहऱ्यावरून कधी थांबायचं ते ओळखतात, घाबरण्याच्या काठापर्यंत जाऊन परत येतात. चांगला खेळगडी मुद्दाम हरतो, कधी मुलाला वर येऊ देतो, आणि "थांब" म्हटल्यावर त्याच क्षणी थांबतो. मुलाला ही शेवटची गोष्ट तुमच्या दिरांनी शिकवली तर ती आयुष्यभर कामाला येईल.

सांगताना "असं करू नका" पेक्षा "असं करा" हातात दिलेलं बरं. मुलीसाठी: जमिनीवर पाठ टेकून झोपायचं, गुडघे वाकवायचे, तिला नडग्यांवर पालथं ठेवून छातीला दोन्ही हातांनी धरायचं आणि पाय हळूहळू वर-खाली करायचे. तिला विमानात बसल्याचा आनंद मिळतो, उंची फुटभर, हात सुटत नाहीत. उडवल्याचा भास हवा असेल तर छातीशी धरून आपणच गुडघ्यात वाकून पटकन वर यायचं, पोटात गोळा येण्याची मजा तीच. बुवा-कुक या वयात दहा मिनिटं सहज चालतं. मुलासाठी: पाठीवर घेऊन घोडा, गादीवर कुस्ती, उशांचा डोंगर चढणं, चादरीवर बसवून फरशीवरून ओढणं, काखेत धरून गिरकी. माझी कसोटी एकच आहे. बाळाचं अंग हातांतून सुटतंय किंवा मूल एखाद्या सांध्याला लटकतंय, तो खेळ बदला. बाकी धिंगाणा घाला.

पडलंच तर काय, तेही सांगून ठेवतो. मूल लगेच रडलं, कुशीत घेतल्यावर शांत झालं, खेळू लागलं, तर ते चांगलं लक्षण. कपाळावरचं टेंगूळ दिसायला मोठं असतं पण बहुधा निरुपद्रवी, गार कपडा धरा. डोक्याच्या बाजूला किंवा मागे, विशेषतः वर्षाच्या आतल्या बाळाला, मऊ आणि पसरट सूज आली तर मात्र दाखवायलाच हवं, कारण तिच्याखाली कवटीला चीर असू शकते. क्षणभरही शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, गुंगी, नेहमीसारखं ओळखत नाही, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या, कानानाकातून पाणी किंवा रक्त, टाळू फुगलेली, कशानेही न थांबणारं रडणं, एक हात किंवा पाय कमी हलणं, यातलं एक जरी असेल तरी सरळ रुग्णालय. झोपायची वेळ असेल तर झोपू द्या, मधून मधून हलकेच जागं करून नेहमीसारखं प्रतिसाद देतंय का बघा. आणि मूल निपचित पडलं तर जागं करायला त्याला हलवू नका. तळपायावर टिचकी मारा, हाक मारा. श्वास घेत नसेल तर मदत बोलावून कृत्रिम श्वास सुरू करा.

रुग्णालयात गेल्यावर जे झालं ते जसंच्या तसं सांगा. घरी "पलंगावरून पडलं असं सांगू या" हा सल्ला देणारं कुणीतरी असतंच, बहुधा ज्याच्या हातून पडलं त्याला वाचवण्यासाठी. उंचीवरून आमचे निर्णय ठरतात. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास करून २००९ मध्ये जे निकष मांडले गेले, ते आज अनेक ठिकाणी वापरतात. त्यात दोन वर्षांखालच्या मुलासाठी ०.९ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडणं आणि त्यापुढच्या वयाला १.५ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडणं गंभीर धरलं जातं. पलंगाची उंची त्या रेषेच्या खाली येते, काकाचे हात तिच्या बरेच वर. तुम्ही पलंग म्हणालात तर बाळाला कदाचित घरी पाठवलं जाईल. खरी उंची सांगितलीत तर काही तास निरीक्षणाखाली ठेवलं जाईल किंवा सीटी स्कॅनचा विचार होईल. सांगितलेली हकीकत आणि इजा जुळली नाही की आम्हाला आणखी प्रश्न विचारावे लागतात, तेही टळतं. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर वळ किंवा काळानिळा डाग दिसला, कानावर, मानेवर, पोटावर तर खासच, तर "खेळताना लागलं असेल" म्हणून सोडून न देता त्याच दिवशी बाळाला दाखवा.